आधी उघडून पाहणारे दुकान: नारायण पेठेतील घरगुती उपकरणांच्या दुरुस्तीचा दोन वर्षांचा अनुभव

पुण्यात नारायण पेठेत केळकर रस्त्याला मिळणाऱ्या एका बोळात, जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर हे दुकान आहे. दारावरच्या पाटीवर दुकानाचे नाव नाही. ‘येथे मिक्सर, पंखे, वॉशिंग मशीन, टीव्ही व इतर घरगुती उपकरणे दुरुस्त करून मिळतील’ एवढाच मजकूर आहे, आणि आसपासचे लोक त्याला वाइंडिंगवाल्या (वाइंडिंग म्हणजे मोटारीतले तारेचे वेटोळे) काकांचे दुकान म्हणून ओळखतात. काकांनी औंधच्या आय.टी.आय.मध्ये शिक्षण घेतले आणि पुढची चाळीस वर्षे मोटारींच्या कामात घालवली. त्यांच्या मुलीने इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेतली असून टीव्हीचे आणि वॉशिंग मशीनचे बोर्ड ती पाहते. गेल्या दोन वर्षांत माझ्या घरातली पाच उपकरणे मी या दोघांना दाखवली. मिक्सर, वॉशिंग मशीन आणि टीव्ही दुरुस्त होऊन आज व्यवस्थित चालत आहेत. पंख्याच्या बाबतीत त्यांनी दोन्ही पर्याय समोर ठेवले. आणि फ्रिजवर एक रुपयाही खर्च करू नका, असे त्यांनीच सांगितले. या पाच अनुभवांवरून दुरुस्ती करावी की नवे घ्यावे या प्रश्नाविषयी माझे जे मत झाले, ते या दुकानाच्या कामाच्या पद्धतीतून झाले आहे, म्हणून दोन्ही गोष्टी एकत्रच लिहीत आहे.

पद्धत अशी आहे. वस्तू नेली की १५० रुपये तपासणीचे घेतात आणि दुरुस्ती करून घेतल्यास ते बिलातून वजा करतात. वस्तू शक्यतो तुमच्यासमोर उघडतात, मल्टिमीटर (वीज मोजण्याचे छोटे यंत्र) लावून कोणता भाग गेला आहे ते दाखवतात, त्या भागाची किंमत आणि मजुरी वेगवेगळी सांगतात, आणि तुम्ही होकार दिल्याशिवाय पुढे जात नाहीत. बदललेला जुना भाग पिशवीत घालून परत देतात. हे वाचताना फार विशेष वाटणार नाही. परंतु ज्यांनी ‘बोर्ड गेला आहे’ किंवा ‘मोटार गेली आहे’ एवढ्या एका वाक्यावर हजारो रुपये मोजले आहेत, त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी झिजलेला भाग पाहण्याचे महत्त्व सांगावे लागणार नाही.

सुरुवात मिक्सरपासून झाली. होळीच्या दिवशी घाई होती म्हणून मी पुरण पुरणयंत्रातून न काढता मिक्सरच्या भांड्यात फिरवले. तिसऱ्या घाण्याला जळका वास आला आणि मिक्सर बंद पडला. तळाशी असलेले लाल बटण दाबल्यावर तो क्षणभर चालला, आतून ठिणग्या दिसल्या आणि पुन्हा थांबला. ७५० वॉटचा हा मिक्सर ९ वर्षांचा होता. ज्या कंपनीचा तो आहे तिच्या सेवा केंद्रात नेल्यावर, न उघडताच, मोटार जळाली असल्याचे सांगण्यात आले आणि जुना मिक्सर देऊन नवा सवलतीत घेण्याची योजना समोर ठेवण्यात आली. मी तो तसाच परत आणला आणि शेजारच्या वहिनींच्या सांगण्यावरून काकांकडे गेले.

काकांनी चार स्क्रू काढून मोटार बाहेर घेतली. मिक्सरच्या मोटारीत फिरणाऱ्या आर्मेचरच्या टोकाला तांब्याच्या पट्ट्यांचा कम्युटेटर असतो आणि त्यावर दोन कार्बन ब्रश स्प्रिंगच्या दाबाने टेकलेले असतात. फिरत्या भागाला वीज पोहोचते ती या ब्रशांतून, आणि घासून घासून ते झिजतात. ते झिजावेत अशीच त्यांची योजना असते. माझ्या मिक्सरमधले ब्रश झिजून इतके तोकडे झाले होते की कम्युटेटरला नीट टेकत नव्हते, त्यामुळे ठिणग्या उडत होत्या आणि तांब्याच्या पट्ट्या काळ्या पडल्या होत्या. त्यात घट्ट पुरणाचा भार आल्यावर मोटारीने जास्त करंट ओढला आणि सुरक्षेसाठी बसवलेला ओव्हरलोड स्विच पडला. मोटारीचे वाइंडिंग मात्र शाबूत होते, हे त्यांनी मीटर लावून दाखवले. पॉलिश पेपरने कम्युटेटर साफ करणे, दोन ब्रश, भांडे मोटारीला जोडणारा वरचा प्लास्टिकचा कपलर आणि मजुरी मिळून ४५० रुपये झाले. त्यानंतर त्यांनी माझे चटणीचे भांडे उलटे करून त्याच्या तळाचा बुश, म्हणजे पात्याचा दांडा ज्यात फिरतो तो भाग, दाखवला. तेथून पाणी झिरपत होते आणि ते थेट मोटारीच्या वरच्या बेअरिंगवर जात होते. “ताई, मिक्सर बिघडतो तो बहुतेक वेळा भांड्यापासून. लोक मोटार घेऊन येतात आणि भांडे घरी ठेवतात,” असे ते म्हणाले. भांड्याचा बुश आणि सील बदलण्याचे आणखी १२० रुपये मी आनंदाने दिले.

या प्रसंगी मला सुमीत मिक्सरची आठवण झाली, कारण आमच्या आईचा सुमीत याच पद्धतीने पुन्हापुन्हा दुरुस्त होत २० वर्षांहून अधिक काळ चालला. त्या मिक्सरचा जन्मच एका बिघाडातून झाला होता. मुंबईतील अभियंते सत्यप्रकाश माथुर यांच्या घरी जर्मनीहून आलेला मिक्सर आपल्या वाटणाचा भार सहन न होऊन बंद पडला आणि येथे तो दुरुस्त करून देणारे कोणी नव्हते. तेव्हा १९६०च्या दशकात त्यांनी आपल्या स्वयंपाकाला पुरेल अशी दमदार मोटार असलेला मिक्सर स्वतःच तयार केला. त्यानंतरच्या पिढ्यांमध्ये मिक्सर म्हणजे खोलता येणारी, भाग बदलता येणारी वस्तू असेच आपण धरून चाललो, आणि मिक्सरच्या बाबतीत ते आजही बऱ्याच अंशी खरे आहे. मोटारीचे वाइंडिंग खरोखर जळले असेल तरच नव्याचा विचार करावा, एवढे मी आता खात्रीने म्हणेन.

वॉशिंग मशीनचा प्रश्न यापेक्षा बराच अवघड निघाला. पुढून दार असलेले, ७ वर्षांचे आमचे मशीन कपडे पिळताना एवढा घरघराट करू लागले की खालच्या मजल्यावरून विचारणा झाली. हे ड्रमच्या बेअरिंगचे दुखणे आहे, इतके निदान कंपनीच्या माणसाने बरोबर केले. परंतु बाहेरचा प्लास्टिकचा टब कारखान्यातच दोन अर्धे सांधून कायमचा बंद केलेला असल्यामुळे नुसते बेअरिंग बदलता येत नाही, संपूर्ण टब आणि ड्रम एकत्रच बदलावा लागेल आणि त्याला १२,८०० रुपये पडतील, असे त्याने सांगितले. नवे मशीन तेव्हा ३०,००० रुपयांच्या आसपास मिळत होते. काही शे रुपयांची दोन बेअरिंगे आणि एक रबरी सील खराब झाले म्हणून टब, ड्रम आणि सगळा सरंजाम टाकून द्यायचा, हे मला पटत नव्हते. हा दोष दुरुस्त करणाऱ्याचा नाही, वस्तूच्या रचनेचा आहे. उघडता येईल असा टब बनवणे अशक्य नसते, आणि स्क्रूने जोडलेले टबही बाजारात आहेत. मशीन घेताना आपण फिरण्याचा वेग आणि धुण्याचे प्रकार पाहतो, पण टब उघडतो का, हे विचारत नाही. मीही विचारले नव्हते.

काकांनी हे काम घेण्याआधी त्यातला धोका स्पष्ट सांगितला. टब सांध्यावर करवतीने कापावा लागतो, बेअरिंग आणि सील बदलून झाल्यावर कडेने भोके पाडून स्क्रू आणि सिलिकॉनने तो पुन्हा जोडावा लागतो, आणि जोड गळण्याची शक्यता राहते. गळला तर सहा महिन्यांपर्यंत ते पुन्हा विनामूल्य करून देतील, परंतु ड्रमला मागून धरून ठेवणारी ॲल्युमिनियमची तीन हातांची कडी गंजून तुटायला आली असेल तर काम करणारच नाहीत, असे त्यांनी पावतीवर लिहून दिले. सुदैवाने कडी ठीक होती. काम ११ दिवस चालले. बिल ४,२०० रुपये झाले. दुकानाची ने-आण करण्याची सोय नसल्यामुळे दोन्ही वेळच्या टेम्पोचे १,००० रुपये आमच्या खिशातून गेले, तेही हिशेबात धरायला हवेत. आता १४ महिने झाले आहेत, थेंबही गळालेला नाही आणि आवाज नव्यासारखा आहे. बेअरिंग का गेले, याचे उत्तर त्यांनी जुना सील दाखवून दिले. त्याच्यावर साबणाचा चिकट थर साचून कड झिजली होती, तेथून पाणी आत शिरले आणि बेअरिंगमधले ग्रीस धुऊन जाऊन त्याला गंज चढला. मी गरजेपेक्षा जास्त पावडर वापरत होते. तेव्हापासून निम्मीच घालते, आणि कपड्यांच्या स्वच्छतेत मला काही फरक दिसलेला नाही.

टीव्हीचे काम काकांच्या मुलीने केले. आवाज येत होता, चित्र नव्हते. तिने खोलीतला दिवा बंद करून पडद्याच्या अगदी जवळ विजेरी धरली, आणि त्या उजेडात बातम्या देणाऱ्या निवेदिकेचा चेहरा पुसटसा दिसला. “काकू, चित्र आहे, त्याच्यामागचा उजेड गेला आहे,” असे तिने सांगितले. आपण ज्याला एलईडी टीव्ही म्हणतो त्याच्या पडद्यामागे छोट्या दिव्यांच्या पट्ट्या असतात, आणि बहुतेक पट्ट्यांत हे दिवे एकापाठोपाठ एक जोडलेले असल्यामुळे एक दिवा गेला तरी सगळी ओळ विझते. आमच्या ३२ इंची संचाच्या पट्ट्या तापकीर गल्लीतल्या इलेक्ट्रिक वस्तूंच्या बाजारातून आणून बसवण्याचे तिने १,९०० रुपये घेतले. नुसता जळका दिवा बदलला असता तर ६०० रुपयांत भागले असते, परंतु सारख्याच वयाचे बाकीचे दिवे लवकरच एकेक करून जातील, म्हणून तिने पूर्ण संच बदलण्याचा आग्रह धरला, आणि त्याचबरोबर त्या दिव्यांना मिळणारा करंट थोडा कमी करून दिला. चित्र किंचित मंद झाले आहे. संध्याकाळी ते जाणवतही नाही, भर दुपारी खिडकी उघडी असली तर जाणवते. पडद्याची काच, म्हणजे पॅनेल, तडकले असेल तर मात्र ती तपासणीचे पैसेही न घेता परत पाठवते, कारण पॅनेलची किंमत जवळजवळ नव्या टीव्हीएवढी होते.

मायक्रोवेव्हबद्दल येथे एक गोष्ट सांगून ठेवते. घरच्या घरी मायक्रोवेव्ह कोणीही उघडू नये, असे दोघांनीही मला बजावले. प्लग काढल्यानंतरही त्यातल्या उच्च दाबाच्या कॅपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, जीवघेणा भार शिल्लक राहू शकतो. आत ठिणग्या उडत असतील तर अनेकदा बाजूच्या भिंतीवरचा अभ्रकाचा पातळ पत्रा अन्नाचे शिंतोडे बसून जळलेला असतो आणि तो अगदी स्वस्तात बदलून मिळतो. पण कारण तेच आहे की दुसरे काही, हे ठरवण्याचे काम त्यांच्यावर सोपवावे.

पंख्याने मला विचारात पाडले, कारण तेथे दुरुस्ती सर्वांत स्वस्त होती आणि तरीही योग्य ठरली नाही. दिवाणखान्यातला १५ वर्षांचा पंखा हळू झाला होता, कधी कधी हाताने ढकलावा लागत असे. हे कॅपॅसिटर अशक्त झाल्याचे लक्षण आहे, आणि अडीच मायक्रोफॅरडचा नवा कॅपॅसिटर बसवायला १०० रुपये पुरले असते. काकांनी तसे सांगितले, आणि लगेच कागदावर हिशेबही मांडून दिला. जुना पंखा साधारण ७५ वॉट घेतो, बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, कमी वीज घेणाऱ्या) मोटारीचा नवा पंखा ३० वॉटच्या आसपास. रोज १२ तास आणि वर्षाचे २५० दिवस धरले तर १३५ युनिट वाचतात. युनिटला सरासरी १० रुपये धरले तरी वर्षाला १,३५० रुपये होतात, म्हणजे २,८०० रुपयांच्या पंख्याची किंमत दोन वर्षांच्या थोडे पुढे वसूल होते. १ जानेवारी २०२३पासून छताच्या पंख्यांवर ऊर्जाबचतीच्या ताऱ्यांचे लेबल सक्तीचे झाल्यामुळे ही तुलना दुकानात उभ्या उभ्याही करता येते. याची दुसरी बाजूही त्यांनीच सांगितली: बीएलडीसी पंख्यात इलेक्ट्रॉनिक बोर्ड असतो, तो जुन्या पंख्याच्या कॅपॅसिटरसारखा १०० रुपयांत बदलून मिळत नाही, आणि काही कंपन्या त्यावर राळेसारखा थर ओततात, त्यामुळे त्याला डाग देऊन (सोल्डर करून) दुरुस्तही करता येत नाही. आम्ही दिवाणखान्यात नवा पंखा घेतला आणि जुना, नवा कॅपॅसिटर बसवून, क्वचित वापरल्या जाणाऱ्या पाहुण्यांच्या खोलीत लावला. दिवसभर चालणाऱ्या वस्तूला जो हिशेब लागू पडतो तो आठवड्यातून एकदा चालणाऱ्या वस्तूला लागू पडत नाही, हे माझ्या आधी लक्षात आले नव्हते.

फ्रिजच्या वेळी या दुकानावरचा माझा विश्वास पक्का झाला. २००३ साली घेतलेला आमचा फ्रिज गार करेनासा झाला, तेव्हा काका घरी येऊन पाहून गेले; फ्रिजसाठी ते येतात आणि त्याचे ३०० रुपये घेतात. गॅसचे काम ते स्वतः करत नाहीत, त्यांच्या ओळखीचा एक कारागीर करतो. नवा कॉम्प्रेसर आणि गॅस मिळून ८,५०० रुपये होतील, असा त्याचा अंदाज त्यांनी मला कळवला आणि त्याच वेळी हे काम करू नका, असेही सांगितले. बंद पडण्याच्या आधीच्या महिन्यात वीजवापर दाखवणारे प्लगचे मीटर मी सहज फ्रिजला लावून ठेवले होते. त्यावर दिवसाला २.२ युनिटचा आकडा होता, म्हणजे वर्षाला सुमारे ८०० युनिट. तेवढ्याच क्षमतेच्या नव्या फ्रिजच्या लेबलवर वर्षाला २०० युनिटच्या जवळपासचे आकडे दिसतात. दाराचे रबर कडक झालेले, आतल्या पातळ नळ्या कधी गळतील याचा नेम नाही. अशा शरीरात नवा कॉम्प्रेसर बसवणे म्हणजे पडक्या वाड्याला नवे दार लावणे आहे, असे ते म्हणाले. त्यांचा स्वतःचा यात काही फायदा नव्हता. उलट ८,५०० रुपयांतला त्यांचा वाटा त्यांनी सोडला. जाताना दारातले कप्पे आणि थर्मोस्टॅट ठेवून घेऊ का, असे मात्र विचारले, कारण त्याच मॉडेलचा फ्रिज वापरणारे एक कुटुंब त्यांच्या ओळखीत आहे.

फ्रिजबाबत आणखी एक सूचना येथे नोंदवते. आजच्या बहुतेक घरगुती फ्रिजमध्ये आर-६००ए हा वायू असतो. तो ज्वालाग्राही आहे आणि संपूर्ण फ्रिजमध्ये मिळून अगदी थोडा, दोन आकडी ग्रॅमच भरलेला असतो, त्यामुळे तो तोलूनच भरावा लागतो. वजनकाटा न आणता स्वयंपाकघरात बसून गॅस भरून देणाऱ्याला काका आपल्या कोणत्याही गिऱ्हाइकाच्या दारात उभे करत नाहीत, आणि आपणही करू नये.

दुकानात उणिवा आहेत आणि त्या लहान नाहीत. दिलेली तारीख क्वचितच पाळली जाते. टीव्हीला चार दिवस सांगून नऊ दिवस लागले आणि मध्ये कोणी फोन केला नाही. टीव्ही घरी आल्यावर रिमोट चालेना, कारण बंद करताना एक तार नीट बसवलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यांनी विनातक्रार आणि विनामूल्य ती बसवून दिली, पण ३२ इंची संच पुन्हा रिक्षातून नेण्याचा त्रास मला झालाच. पावती कार्बन कागदाच्या वहीतली, हाताने लिहिलेली असते आणि तिच्यावर भागाची कंपनी लिहिलेली नसते, त्यामुळे बसवलेला भाग मूळ कंपनीचा आहे की बाजारातला, हे आपण स्वतः विचारावे लागते. विचारल्यावर खरे सांगतात. एसी, मोबाइल आणि लॅपटॉप घेत नाहीत. हमीच्या मुदतीत असलेली वस्तू तर येथे अजिबात नेऊ नये. ती आधी कंपनीकडेच गेली पाहिजे, आणि काकाही तेच सांगून परत पाठवतात.

माझा राग आहे तो कंपन्यांच्या एका सवयीवर. सुटा भाग न देता संपूर्ण जोडणीच विकायची, आणि काही वर्षांनी तीही मिळणे बंद करायचे, ही ती सवय. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ सुरू केले, ज्यावर कंपन्यांनी आपली उपकरणे, सुटे भाग आणि हमी यांची माहिती द्यावी, असा हेतू आहे. शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, टिकाऊ घरगुती वस्तू आणि वाहने ही चार क्षेत्रे त्यात धरली आहेत. पाऊल योग्य आहे. पण माझ्या मशीनचा टब कापावा लागला तो लागलाच. पैसे घेऊनही काम न करणाऱ्या सेवा केंद्राविरुद्ध १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. भाग मुळात वेगळा विकतच नाहीत, या तक्रारीला मात्र अजून पुरेसे उत्तर नाही.

‘दुरुस्ती निम्म्या किमतीच्या वर गेली तर नवे घ्या’ हा नियम मीही अनेक वर्षे पाळत आले. पाच वस्तूंनंतर तो मला अपुरा वाटतो. पंख्याची दुरुस्ती किमतीच्या पाच टक्केही नव्हती, तरी दिवाणखान्यात नवा पंखा शहाणपणाचा ठरला. फ्रिजची दुरुस्ती किमतीच्या तिसऱ्या हिश्श्यात होत होती, तरी ती न करणेच बरोबर होते. गेलेला भाग झिजणारा आहे की मुळाचा, वस्तू किती तास चालते, किती वीज खाते, आणि बाकीचे शरीर कितपत धड आहे, हे कळल्याशिवाय टक्केवारी निरुपयोगी आहे, आणि ते कळण्यासाठी कोणी तरी ती वस्तू उघडावी लागते. १५० रुपयांत येथे ते मिळते.

दुकान सकाळी १० ते १ आणि दुपारी ४ ते रात्री ८ उघडे असते, गुरुवारी बंद असते. गणपती आणि दिवाळीच्या आधीचे तीन आठवडे मिक्सरची रांग लागते, तेव्हा इतर कामे मागे पडतात. वॉशिंग मशीनचे काम त्या दिवसांत देऊ नये. बोळात चारचाकी जात नाही. मिक्सर नेणार असाल तर त्याची सगळी भांडी सोबत न्यावीत.